पाळकाच्या माघारी

२१ जानेवारी १८०५ रोजी इंग्लंडमधल्या बाथ शहरी रेव्हरंड जॉर्ज ऑस्टिन वारले. आजारपण जेमतेम दोन दिवसांचे. हॅम्पशरमधल्या स्टीव्हन्टन आणि डीन या दोन गावांचे ते पाळक. चार वर्षांपूर्वी रोजचे काम थोरल्या मुलावर, जेम्सवर सोपवून ते बायको-मुलींसह बाथला येऊन राहिले होते. काम मुलगा करत असला तरी पद वडिलांच्याच नावावर होते आणि पदाचे उत्पन्न, वर्षाकाठी सहाशे पौंडांच्या आसपास, त्यांनाच मिळत होते. ते गेले आणि त्याच दिवशी ते उत्पन्नही थांबले. मागे राहिल्या पत्नी आणि दोन अविवाहित मुली. धाकटीचे नाव जेन, वय २९. तिचे एकही पुस्तक तोवर छापून आले नव्हते.

मुलगे कर्ते होते म्हणून निभावले. एडवर्डला एका धनाढ्य नातलगाने दत्तक घेतले होते, त्याने वर्षाला शंभर पौंड द्यायचे ठरवले. जेम्स आणि हेन्रीने पन्नास-पन्नास. आरमारात असलेल्या फ्रान्सिसने शंभर देऊ केले, पण आईने त्यातले निम्मेच घेतले. थोरली कॅसँड्रा, तिचा वाग्दत्त वर वेस्ट इंडीजमध्ये तापाने गेला होता. त्याने तिच्यासाठी ठेवलेल्या हजार पौंडांचे व्याज येई. आईचे थोडे स्वतःचे होते. सगळे जमेस धरून साडेचारशे पौंडांच्या घरात आकडा पोचला. जेनच्या नावावर त्यात एक पैही नव्हती. पुढची चार वर्षे या तिघींनी भाड्याच्या खोल्यांत आणि भावांच्या आश्रयाने काढली. १८०९ मध्ये एडवर्डने चॉटन गावातले एक घर दिले, तेव्हा कुठे त्यांना पाय टेकायला जागा मिळाली.

जेन ऑस्टिनच्या ‘एमा’ या कादंबरीत मिस बेट्स नावाची एक बडबडी, भाबडी प्रौढ कुमारिका आहे. वाचक तिला हसतात. पण ती त्या गावच्या आधीच्या पाळकाची मुलगी आहे, हे लक्षात ठेवून कादंबरी पुन्हा वाचावी. ज्या गावात तिचे वडील सर्वांत मानाचे गृहस्थ होते, त्याच गावात ती म्हाताऱ्या आईसह दुसऱ्याच्या घराच्या माडीवर राहते. शेजारी डुकराच्या मांसाचा वाटा पाठवतात, कोणी सफरचंदे पाठवतो, आणि ती प्रत्येक वस्तूबद्दल न थकता आभार मानत राहते. नायिका एमा चारचौघांत तिची टर उडवते, तेव्हा एमाचा स्नेही नाइटली तिला जे खडसावतो त्याचा रोख हाच आहे: ही बाई सुस्थितीतून उतरली आहे आणि जगली-वाचली तर आणखी उतरणार आहे. हे वाक्य लिहिणारीला ती उतरण ठाऊक होती.

चर्चच्या इतिहासाच्या पुस्तकांत बिशप असतात, राजे असतात, धर्मसिद्धान्तावरून झालेली भांडणे असतात. पाळकाच्या घरात पैसा येई कसा आणि तो गेल्यावर चूल पेटे कशी, याचा इतिहास मात्र कोपऱ्यात पडून राहतो. मला तो फार मोलाचा वाटतो. ज्याने गावातल्या प्रत्येक विधवेचे सांत्वन केले, त्याच्या स्वतःच्या विधवेचे काय झाले, या प्रश्नाला एखादी धर्मसंस्था काय उत्तर देते त्यावरून ती संस्था ओळखू येते.

*

अडचणीचे मूळ उत्पन्नाच्या बांधणीत होते. इंग्लंडच्या गावोगावच्या पाळकाला पगार नसे. त्याच्या पदाला काही गोष्टी जोडलेल्या असत: गावच्या पिकाचा दशमांश, चर्चच्या मालकीची थोडी शेतजमीन, राहायला घर, बारसे-लग्न-दफनविधींची दक्षिणा. एकदा नेमणूक झाली की तहहयात तो त्या सगळ्याचा धनी. त्याला सहसा कोणी हलवू शकत नसे. आपल्याकडे जोशीपण किंवा कुलकर्णीपण हे वतन असे आणि बापामागे ते मुलाकडे जाई. इंग्लिश पाळकाच्या वृत्तीत तेवढी एकच गोष्ट नव्हती: ती घरात राहत नसे. पाळक वारला की दशमांश, जमीन, घर सगळे नव्या पाळकाचे. विधवेने काही आठवड्यांत घर रिकामे करायचे.

आणि घर रिकामे करताना हिशेब द्यायचा. पाळकाने घराची डागडुजी स्वतःच्या खर्चाने करावी असा नियम होता. नवा पाळक आला की घराची पाहणी होई; छप्पर गळते, तुळया कुजल्या, कुंपण पडले, असे जे जे निघे त्याची भरपाई मयताच्या मालमत्तेतून मागता येई. म्हणजे नवऱ्याला पुरून आठवडे होतात न होतात तोच बाईच्या हातात नवऱ्याच्या जागी आलेल्या पाळकाकडून दुरुस्तीचे बिल. ज्या पाळकाने आयुष्यभर अपुऱ्या उत्पन्नात दिवस काढले, त्याच्याच घराचे छप्पर गळके असणार आणि त्याच्याच विधवेचे बिल मोठे असणार. १८७१ मध्ये कायदा होऊन अधिकृत सर्वेक्षक नेमले गेले, पाहणीत शिस्त आली. ओझे मात्र तिथेच राहिले.

ही व्यवस्था इतकी निष्ठुर का, याचे उत्तर ती कोणासाठी बनली होती त्यात आहे. मध्ययुगातला पाळक अविवाहित असायचा. त्याच्या मागे कोणी राहणारच नव्हते, निदान कायद्याच्या दृष्टीने नव्हते. इंग्लंडचे चर्च रोमपासून वेगळे झाल्यावर १५४९ मध्ये पार्लमेंटने पाळकांना लग्नाची मुभा दिली. चार वर्षांत मेरी राणी गादीवर आली आणि मुभा गेली. लग्न केलेल्या पाळकांना पदे सोडावी लागली. नंतर आलेल्या एलिझाबेथला पाळकांच्या बायका मनातून आवडत नव्हत्या. १५५९ च्या तिच्या आज्ञेप्रमाणे पाळकाला लग्न करायचे तर वधूला बिशपची आणि दोन न्यायाधीशांची संमती लागे. कायद्याचा शेवटचा आडपडदा दूर व्हायला १६०४ उजाडले. एवढ्या सगळ्या घडामोडीत बायको आली, मुले आली, पण उत्पन्नाचे नियम एकट्या माणसाचेच राहिले. पुढच्या तीनशे वर्षांतले सगळे निधी, सगळी अनाथालये, सगळी वर्गणी या एका विसंगतीवर घातलेली ठिगळे आहेत.

*

पहिले मोठे ठिगळ मुलांनीच लावले. १६४० च्या दशकात राजा आणि पार्लमेंट यांचे युद्ध पेटले, आणि राजाच्या बाजूचे किंवा जुन्या उपासनापद्धतीला धरून राहिलेले पाळक पदांवरून हाकलले गेले. त्यांच्या बायकामुलांना जप्त उत्पन्नाचा पाचवा हिस्सा द्यावा असे पार्लमेंटने ठरवले होते. कागदावर हे माणुसकीचे होते. वसुली मात्र जागेवर बसलेल्या नव्या पाळकाकडून करायची होती आणि तो देईलच असे नव्हते. कित्येक बायकांना त्यासाठी समित्यांचे उंबरे झिजवावे लागले.

८ नोव्हेंबर १६५५ रोजी, पार्लमेंटच्या बाजूने जिंकलेल्या क्रॉमवेलची सत्ता असतानाच, लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये काही माणसे जमली. त्यांतले पुष्कळ जण लंडनच्या बाजारपेठेत बस्तान बसवलेले व्यापारी होते. एका गोष्टीत ते सारखे होते: सगळे पाळकांचे मुलगे. जॉर्ज हॉल यांनी प्रवचन केले. तेही एका पदच्युत बिशपचे चिरंजीव. त्या दिवशी जमलेल्या वर्गणीतून जी संस्था उभी राहिली ती ‘सन्स ऑफ द क्लर्जी’ या नावाने साडेतीन शतके ओळखली गेली. १६७८ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने तिला सनद दिली आणि सनदेत उद्देश स्वच्छ लिहिला: पाळकांच्या गरीब विधवा आणि मुले यांचे साहाय्य. आगीत जळालेले सेंट पॉल्स नव्याने उभारणारा ख्रिस्तोफर रेन या संस्थेच्या कारभाऱ्यांपैकी एक होता. त्याचे वडील विंडसरचे डीन, म्हणजे तिथले मुख्य धर्माधिकारी, होते आणि त्याच युद्धात त्यांनी सर्वस्व गमावले होते.

मला या आरंभातली एक गोष्ट फार भावते. ही मदत वरून खाली आलेली नव्हती. ज्यांनी लहानपणी घर सुटताना पाहिले होते, त्यांनी हाताशी चार पैसे आल्यावर पहिली आठवण त्या घराची ठेवली. संस्था विधवांना वार्षिक रक्कम देई आणि मुलांना धंद्यात उमेदवारीला ठेवण्याचे शुल्क भरी.

पैसा गोळा करण्याची त्यांची रीत लंडनकरांच्या अंगवळणी पडली. दरवर्षी सेंट पॉल्समध्ये उत्सवाची उपासना, नावाजलेल्या वक्त्याचे प्रवचन, मग मर्चंट टेलर्स हॉलमध्ये जेवण. यात संगीताचा वाटा मोठा. पर्सेलचे ‘टे डेउम’ वर्षानुवर्षे इथे गायले गेले, पुढे हँडेलची रचना आली. संगीत ऐकायला येणारी गर्दी इतकी की रंगीत तालमीलाही लोक येत आणि तिथेही दानपात्र फिरे. इंग्लंडच्या पश्चिमेकडे ग्लॉस्टर, हेरफर्ड आणि वुस्टर या तीन कॅथीड्रलांचे गायकवृंद दरवर्षी एकत्र गात. टॉमस बिस नावाच्या धर्माधिकाऱ्याने १७१६ मध्ये सेंट पॉल्सच्या उत्सवात प्रवचन केले होते. त्याच्याच पुढाकाराने १७२४ पासून या तीन धर्मप्रांतांतल्या पाळकांच्या विधवा आणि अनाथ मुलांसाठी तिथे दान गोळा होऊ लागले. आज ‘थ्री क्वायर्स फेस्टिव्हल’ जगातल्या सर्वांत जुन्या संगीतोत्सवांपैकी एक मानला जातो. एल्गारच्या संगीतासाठी तिथे जाणाऱ्या रसिकांपैकी फार थोड्यांना पाळकांच्या विधवा आठवत असतील.

खुद्द पाळकही देत. गोल्डस्मिथच्या ‘द व्हिकार ऑफ वेकफील्ड’ या १७६६ च्या कादंबरीतला डॉक्टर प्रिमरोज आपल्या पदाचे सगळे उत्पन्न, वर्षाचे ३५ पौंड, आपल्या धर्मप्रांतातल्या पाळकांच्या विधवा-अनाथांना देऊन टाकतो. त्याचा स्वतःचा पैसा एका व्यापाऱ्याकडे ठेवलेला असतो. व्यापारी बुडतो, आणि दान देणारे कुटुंब एका रात्रीत दान घेणाऱ्यांच्या रांगेत येते.

*

पस्तीस पौंड ही लेखकाची अतिशयोक्ती नव्हती. बिशप आणि कॅथीड्रलांचे अधिकारी श्रीमंत, काही गावांचे पाळक जमीनदारांच्या तोडीचे, आणि हजारो पाळक कारागिराच्या मिळकतीवर. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये पाळकांच्या पहिल्या वर्षाच्या उत्पन्नावरचा आणि पुढे दरवर्षीच्या दहाव्या हिश्शाचा कर पोपकडून स्वतःकडे वळवला होता. १७०४ मध्ये ॲन राणीने तो चर्चला परत दिला आणि त्यातून गरीब पाळकांची पदे सुधारण्यासाठी निधी उभारला. ‘क्वीन ॲन्स बाउंटी’ या निधीची पद्धत गमतीची वाटेल: पात्र पदांमधून चिठ्ठ्या टाकून निवड व्हायची. ज्याची चिठ्ठी निघेल त्या पदाच्या नावे दोनशे पौंड, त्यातून जमीन घ्यायची आणि जमिनीचे उत्पन्न पाळकाने खायचे. कोणी दात्याने दोनशे दिले तर निधी चिठ्ठीविना तेवढेच घाली. हा पैसाही पदालाच चिकटला, कुटुंबाला नाही.

या निधीची दुसरी बाजू तीनशे वर्षांनी उघडी पडली. चिठ्ठ्या निघेपर्यंत साठलेला पैसा कुठेतरी गुंतवायला हवा होता, आणि तो मोठ्या प्रमाणात साउथ सी कंपनीच्या रोख्यांत गुंतवला गेला. ही कंपनी आफ्रिकी माणसांना गुलाम म्हणून अटलांटिकपार नेऊन विकत होती. बाउंटीचा वारसा आज ‘चर्च कमिशनर्स’ या संस्थेकडे आहे. तिने स्वतःच्या जुन्या वह्या तपासून घेतल्या, जानेवारी २०२३ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला आणि त्या अन्यायाची झळ पोचलेल्या समाजांसाठी दहा कोटी पौंडांचा कार्यक्रम जाहीर केला. यॉर्कशरमधल्या एखाद्या गरीब पाळकाच्या घरी आलेल्या जादा पौंडाची नाळ गुलामांच्या जहाजापर्यंत जात होती, हे वाचल्यावर माझ्या मनातले या दानाचे चित्र पहिल्यासारखे राहिले नाही.

घराची सोय करणारे दाते वेगळे. रोचेस्टरचे बिशप जॉन वॉर्नर १६६६ मध्ये वारले, तेव्हा त्यांनी मृत्युपत्रात वीस विधवांसाठी निवास बांधायला पैसे ठेवले होते. अट अशी की नवरे राजनिष्ठ आणि सनातनी मताचे पाळक असले पाहिजेत. युद्धाची कटुता मृत्युपत्रातही उतरली. केंटमधल्या ब्रॉम्ली इथे अंगणाभोवती कमानींच्या ओवऱ्या असलेली ती वास्तू उभी राहिली आणि प्रत्येकीला वर्षाला वीस पौंड मिळू लागले. विंचेस्टरला बिशप मॉर्ली यांनी तसेच घर बांधले. ब्रॉम्लीत पुढे एक नवाच पेच उभा राहिला. विधवांबरोबर त्यांच्या अविवाहित मुली राहायच्या, आईची सेवा करण्यात त्यांचे तारुण्य सरायचे, आणि आई गेली की त्यांचा तिथे राहण्याचा हक्क संपायचा. बाप गेल्यावर एकदा आणि आई गेल्यावर दुसऱ्यांदा बेघर. शेवटी १८४० मध्ये खास या मुलींसाठी आवारातच वेगळी घरे बांधली गेली.

*

मुलांच्या शिक्षणाची कथा अशीच दुधारी आहे. पाळकांच्या अनाथ मुलांसाठी १७४९ मध्ये संस्था निघाली. एकोणिसाव्या शतकात पाळकांच्या मुलांना कमी खर्चात शिकता यावे म्हणून मार्लबरो, लेदरहेड अशा शाळा उभ्या राहिल्या. मुलींसाठीच्या शाळेचे नाव मात्र काळ्या अक्षरांत कोरले गेले.

हॉवर्थचे पाळक पॅट्रिक ब्राँटी यांची पत्नी १८२१ मध्ये गेली. पदरी सहा मुले. तिच्या आजारपणात झालेले कर्ज मित्रांनी आणि दानशूर माणसांनी फेडले. १८२४ मध्ये कॅरस विल्सन नावाच्या पाळकाने कोवन ब्रिज इथे गरजू पाळकांच्या मुलींसाठी शाळा काढली. वर्षाला चौदा पौंडांत राहणे, जेवण, शिक्षण. उरलेला खर्च वर्गणीदारांचा. ब्राँटींनी मारिया, एलिझाबेथ, शार्लट आणि एमिली यांना तिथे पाठवले. जेवण निकृष्ट, करपलेले. थंडीत दूरच्या चर्चपर्यंत पायपीट. वर सतत पापाची आणि मरणाची भीती घालणारी शिकवण. १८२५ च्या वसंतात शाळेत तापाची साथ आली. मारिया आणि एलिझाबेथ क्षयाने पोखरून घरी परतल्या; एक मे महिन्यात गेली, दुसरी जूनमध्ये. वये अकरा आणि दहा. शार्लटने ‘जेन एअर’मध्ये त्या शाळेला लोवुड हे नाव दिले आणि मारियाला हेलन बर्न्स.

कॅरस विल्सन दुष्ट माणूस होता असे मला वाटत नाही. त्याने पैसा उभा केला, राबला, त्याच्या शाळेतून पुढे अनेक मुली शिक्षिका होऊन स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. पण मदत घेणाऱ्याने नम्र असावे, कमी खावे, साधे ल्यावे आणि उपकार स्मरावेत, हे त्याने गृहीत धरले. दानाच्या शाळेतल्या मुलींचे केस कुरळे असू नयेत इथपर्यंत कादंबरीतला त्याचा अवतार जातो.

*

याच काळात सीमेपलीकडे स्कॉटलंडमध्ये वेगळेच काही घडले होते. तिथले चर्च इंग्लंडच्या चर्चसारखे अँग्लिकन नव्हते, प्रेस्बिटेरियन होते. पण पाळकांच्या विधवांचा प्रश्न तोच. रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेबस्टर या दोन पाळकांनी दानपात्र फिरवण्याऐवजी आकडे गोळा केले. देशात एका वेळी सुमारे ९३० पाळक. वर्षाला साधारण २७ वारतात. त्यांतल्या १८ जणांच्या मागे विधवा राहतात. एडिंबरचे गणिती कॉलिन मॅक्लॉरिन यांनी हिशेब तपासून दिला. १७४४ मध्ये कायदा झाला. प्रत्येक पाळकाने हयातीत दरवर्षी ठरलेला हप्ता भरायचा, आणि हप्त्याच्या दर्जाप्रमाणे विधवेला वर्षाला १० ते २५ पौंड मिळायचे. १७६५ मध्ये निधीत ५८,३४८ पौंड असतील असे भाकीत त्यांनी १७४८ मध्ये केले होते. प्रत्यक्षात एक पौंड कमी निघाला.

स्कॉटिश विधवेला हात पसरावे लागत नव्हते. ते पैसे तिच्या नवऱ्याने तिच्यासाठी भरलेले होते. इंग्लंडने हे का केले नाही? एक कारण असे की स्कॉटलंडच्या चर्चला सर्वांवर बंधनकारक निर्णय घेणारी एक महासभा होती. इंग्लंडमध्ये प्रत्येक पाळक आपापल्या पदाचा स्वतंत्र धनी, आणि उत्पन्नातली तफावत इतकी की एकच हप्ता सर्वांना लावणे कठीण. अमेरिकेतल्या वसाहतींमधल्या अँग्लिकन पाळकांनी मात्र स्कॉटिश वाट धरली. पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी आणि न्यू यॉर्क इथल्या पाळकांनी १७६९ मध्ये विधवा-अनाथांसाठी वर्गणीवर चालणारी नोंदणीकृत संस्था काढली. दीड शतकाने, १९१७ मध्ये, तिथल्या एपिस्कोपल चर्चने मॅसॅच्युसेट्सचे बिशप विल्यम लॉरेन्स यांच्या पुढाकाराने पेन्शन निधी सुरू केला. लक्ष्य पन्नास लाख डॉलरचे होते. ते ओलांडून रक्कम ऐंशी लाखांवर गेली.

इंग्लंडमध्ये तोवर निवृत्ती ही कल्पनाच नीट रुजली नव्हती. १८७१ च्या एका कायद्याने थकलेल्या पाळकाला राजीनामा देऊन पेन्शन घेता येऊ लागली, पण ती पेन्शन पदाच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांशापर्यंत, आणि द्यायची कोणी? त्याच्या जागी आलेल्या पाळकाने, आपल्या मिळकतीतून. साहजिकच बहुतेक जण मरेपर्यंत पद सोडत नसत. ऐकू येत नाही, दिसत नाही, तरी व्यासपीठावर उभे. पाळकांच्या पेन्शनचे मंडळ १९२६ मध्ये स्थापन झाले. सत्तराव्या वर्षी निवृत्त व्हायचे, हा नियम यायला १९७५ साल उजाडले.

*

मागावे लागणे हे या सगळ्यातले सर्वांत अवघड काम. ते अँथनी ट्रोलपइतके कोणाला कळले नाही. ‘द लास्ट क्रॉनिकल ऑफ बार्सेट’ या १८६७ च्या कादंबरीत जोसाया क्रॉली नावाचा पाळक आहे. ग्रीक आणि हिब्रूचा जाणकार, विटा भाजणाऱ्या मजुरांच्या वस्तीतला पाळक, वर्षाला १३० पौंड. घरात सतरंजीच्या चिंध्या झालेल्या, खाटिकाची उधारी थकलेली. तो मदत घेत नाही. शेजारपाजारच्या बायका त्याच्या नकळत त्याच्या बायकोच्या हातात काही ना काही ठेवून जातात, आणि ते कळले की त्याच्या मनाला घरे पडतात.

मग त्याच्यावर वीस पौंडांचा चेक चोरल्याचा आळ येतो. चेक त्याने वटवलेला असतो हे खरे. आला कुठून हे त्याला सांगता येत नाही. तो म्हणतो, माझे जुने मित्र डीन ॲरबिन यांनी दिला. डीन म्हणतात, मी चेक दिला नाही. क्रॉली हळूहळू मानू लागतो की आपलेच डोके फिरले असावे. शेकडो पानांनंतर उलगडा होतो. डीनने त्याला पन्नास पौंड दिले होते आणि पाकीट बंद करण्यापूर्वी डीनच्या पत्नीने, मित्राची लाज राखावी म्हणून, न बोलता तो चेक आत सरकवला होता.

दानाविषयी कितीतरी पुस्तके लिहिली गेली आहेत. पण देणाऱ्याच्या हळुवारपणाने घेणाऱ्याचा जवळजवळ प्राण जावा, हे एवढ्या नेमकेपणाने सांगणारे दुसरे कथानक मला माहीत नाही. क्रॉलीला दया कमी पडली नव्हती. त्याला हवे होते ते हक्काचे उत्पन्न, ज्याच्यासाठी कोणाच्या पत्नीला पाकिटात काही लपवावे लागू नये. त्या काळच्या बहुतेक निधींत अर्जाबरोबर गरिबीची आणि सचोटीची साक्ष जोडावी लागे, आणि साक्ष देणारे शेजारचे पाळक, वरचे अधिकारी. ज्यांच्याबरोबर रोज उठबस, त्यांच्याकडूनच आपण कफल्लक असल्याचे लिहून घ्यायचे. कित्येक क्रॉलींनी अर्ज केलाच नसेल.

*

आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या रूपाने आला. मुंबईचे सेंट टॉमस चर्च १७१८ मध्ये उघडले. ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि पुढे ब्रिटिश सरकारच्या धर्मखात्यातल्या गोऱ्या पाळकांना सरकारी तिजोरीतून पगार आणि पेन्शन मिळे. गावच्या दशमांशाची, गळक्या छपराची चिंता त्यांना नव्हती. मिशनांच्या पदरी असलेल्या हिंदी पाळकांचे वेतन त्याहून पुष्कळ कमी आणि मिशनच्या वर्गणीवर अवलंबून. पुण्याचे पंचहौद मिशन मराठी वाचकाला १८९० च्या चहाच्या ग्रामण्यामुळे ठाऊक आहे. तिथले काउली फादर्स दारिद्र्याची आणि ब्रह्मचर्याची शपथ घेतलेले. मध्ययुगातल्यासारखे त्यांनी कुटुंबाचा प्रश्नच ठेवला नव्हता.

त्याच फादर्सच्या सहवासात राहिलेले नीळकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोरे हे चित्पावन घराण्यातले पंडित, १८७० मध्ये अँग्लिकन पाळक झाले. त्यांची मुलगी एलन लक्ष्मी १८५३ मध्ये काशीला जन्मली आणि तिची आई लवकरच वारली. एका निळीच्या मळेवाल्या इंग्रज कुटुंबाने तिला वाढवले. १८५७ च्या धामधुमीत ते कुटुंब बुडाले, तेव्हा स्टॉर्स नावाच्या पाळकाने तिला आपल्या घरी नेले. इंग्लंडमध्ये त्या घरी ती वाढली, इंग्रजीत भक्तिगीते लिहू लागली आणि १८८० मध्ये मिशनकामासाठी भारतात परतली. कुठल्याही निधीच्या वहीत तिची नोंद नसेल. एका पाळकाच्या घरातली एक जास्तीची थाळी, एवढेच त्या मदतीचे स्वरूप.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात उत्तर भारतातले अँग्लिकन आणि इतर पाच मंडळ्या मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाले. मंडळीच्या आवारातल्या घरात राहणारा पाळक आणि निवृत्तीनंतर राहायचे कुठे हा त्याचा प्रश्न, दोन्ही या नव्या चर्चच्या वाट्याला आले.

*

आज इंग्लंडमधल्या पाळकाला सगळीकडे बव्हंशी सारखे मानधन, राहायला घर आणि पेन्शन आहे. विधवेच्या हाती दुरुस्तीचे बिल येत नाही. तरी घर अजून पदाबरोबर येते आणि पदाबरोबर जाते. आयुष्यभर चर्चच्या घरात राहिलेल्या माणसाकडे निवृत्तीच्या वेळी स्वतःचे घर नसते. लग्न मोडले तर दुसऱ्या जोडीदाराला घर सोडावे लागते; अशा पत्नींनी १९८३ मध्ये ‘ब्रोकन राइट्स’ नावाची स्वतःची संघटना काढली. १९९४ पासून स्त्रियाही पाळक होऊ लागल्या आणि मागे राहणारा जोडीदार आता पुरुषही असतो. महागाई आणि विजेचे दर भडकल्यावर जुन्या, मोठ्या घरांत राहणारी पाळककुटुंबे गारठली, आणि २०२३ मध्ये पाळकांच्या कामगार संघटनेने चर्चच्या इतिहासात पहिल्यांदा रीतसर पगारवाढीची मागणी केली, साडेनऊ टक्क्यांची.

१६५५ ची ती संस्था अजून चालू आहे. २०१२ मध्ये एका भगिनीसंस्थेशी तिचे विलीनीकरण झाले आणि २०१९ पासून ‘क्लर्जी सपोर्ट ट्रस्ट’ या नावाने काम करते. कामावर असलेले आणि निवृत्त पाळक, पाळकपदाचे विद्यार्थी, विधवा आणि विधुर, घटस्फोटित जोडीदार, अवलंबून असलेली मुले, हे सगळे तिच्याकडे अर्ज करू शकतात: थकलेल्या कर्जासाठी, अचानक आलेल्या खर्चासाठी, मानसोपचारासाठी. सेंट पॉल्समधली वार्षिक उपासना होते, गायकवृंद अजून गातात. ट्रस्ट चर्चच्या अधिकारयंत्रणेपासून स्वतंत्र आहे. अर्ज गोपनीय राहतो आणि तो कोणी केला हे बिशपला कळवले जात नाही.